मांडीवरचा अंगठा

विश्रांतवाडी,
शनिवार, १९ एप्रिल २०२५

चि. प्रज्ञेश,
सप्रेम जय भीम.

हे पत्र आई उद्या तिच्या पिशवीतून आणेल. डब्याच्या खाली ठेवलंय, तेव्हा कागदावर तेलाचा डाग असेल तर तो तिच्या लोणच्याचा. फोनवर तू मला दोन वर्षांपासून ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, आणि खराडीला तुझ्या ऑफिसच्या गेटवर येऊन उभं राहण्याइतकी मी अजून निर्लज्ज झालेले नाही. म्हणून कागद.

जुनं काही उकरून काढायला लिहीत नाहीये. कामाचं लिहिते.

तुझी यशोधरा आता पंधरा महिन्यांची झाली. मी तिला फक्त आईच्या फोनमध्ये पाहिलंय. आई परवा म्हणाली, "यशूच्या कानाशी कुकरची शिट्टी झाली तरी ती आपली वाटीत बोटं घालून बसलेली असते." हे सगळं तिने मेथी निवडता निवडता, सहज सुचल्यासारखं सांगितलं. तुला माहीत आहे, आई सहज काही सांगते तेव्हा ती दोन दिवस त्याची तयारी करत असते.

म्हणजे ती डेफ आहे, आणि तुम्हा दोघांना ते कधीचंच माहीत आहे. मलाच शेवटी कळलं. तक्रार करत नाही.

एवढंच सांगायचंय की तिचं कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, ऑपरेशन करून कानात बसवतात त्या यंत्रासाठी, असेसमेंट करून घ्या. असेसमेंट म्हणजे ऑपरेशन नव्हे. तिला त्याचा उपयोग होईल का, तेवढं फक्त बघायचं असतं. पण ते बघायला वेळेची मर्यादा आहे. बोलणं ऐकण्यासाठी मेंदू लहानपणी तयार असतो, आणि मग हळूहळू आपली जागा दुसऱ्या कामांना देऊन टाकतो. अकरा वर्षं सदाशिव पेठेतल्या क्लिनिकमध्ये मी लहान मुलांचे कान तपासतेय. मला बाकी काही कळत नसेल, पण एवढं कळतं.

मी तपासावं असं नाही. माझी सहकारी राजश्री करेल. तुम्ही याल त्या दिवशी मी रजा टाकेन, हवं तर.

निकिताला जय भीम सांग.

तुझी ताई,
उत्कर्षा

•

शनिवार, १० मे २०२५

प्रज्ञेश,

तुझी चिठ्ठी मिळाली. माझ्याच पत्राच्या कोऱ्या बाजूला एक ओळ: "असेसमेंटमध्ये काय बघता? पास कोण होतं?" कागद वाया न घालवण्याची सवय तुला पप्पांकडून आली. त्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी आमच्याकडे अजून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे.

तीन आठवड्यांनी एक ओळ आली, तरी मी ती चार वेळा वाचली. विचारलंयस तर सांगते.

आधी मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून बघतात की कानातून मेंदूकडे काही पोचतं का. मग कानामागचं यंत्र देऊन तीन महिने वाट बघतात. काही मुलांना यंत्र पुरतं, मग त्यांच्या डोक्याला कशाला कापायचं? त्या तीन महिन्यांनंतर यंत्र लावून साउंडप्रूफ खोलीत पुन्हा तपासतात. स्कॅन करून बघतात की आत ऐकण्याची नस आहे की नाही. नसच नसेल तर इम्प्लांट म्हणजे रस्ता नसलेल्या गावाला बस सोडण्यासारखं. आणि सगळ्यात शेवटी घर बघतात. आई-बाप काय समजून आलेत, रोज मुलाला घेऊन बसतील का, पुढची काही वर्षं फेऱ्या मारतील का.

हे शेवटचं मलाच बघावं लागतं, आणि ते सगळ्यात अवघड. लोक विचारतात, "ऑपरेशननंतर किती दिवसांत बोलेल?" मी सांगते की ऑपरेशननंतर बाहेरचं यंत्र काढलं की मूल पुन्हा डेफच असतं. मग ते माझ्याकडे असं बघतात जणू मी फसवणूक केली. मागच्या महिन्यात चाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले होते, जन्मापासून डेफ. त्यांना मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी दार लावून घेतलं. खरं म्हणजे त्या दाराआड त्यांच्यासाठी नुसता गोंगाट होता, पण हे त्यांच्या बायकोला समजावताना माझा घसा बसला.

तेव्हा पास कोण होतं? ही जगातली एकमेव परीक्षा आहे जिच्यात नापास होणाऱ्याचीच निवड होते. यंत्र लावूनही ऐकू येत नाही असं सिद्ध झालं, तरच मूल पुढे जातं. यंत्रावर छान ऐकतं असं कागदावर आलं, की त्याची फाइल बंद.

इथे थांबते.

दोन वर्षांपूर्वीचं एक राहिलंय. निकिताला तिसरा महिना होता आणि मी तुला मेसेज केला, "जेनेटिक टेस्ट करून घ्या." तू विचारलंस, "माझ्यासारखं होऊ नये म्हणून?" मी उत्तर टाइप करेपर्यंत तू ब्लॉक केलंस. ते उत्तर असं होतं: "तसं नाही रे, आधी कळलं तर तयारी करता येते." हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तू ओळखलंस. माझं चुकलं.

ताई

•

शनिवार, १४ जून २०२५

प्रज्ञेश,

तुझ्याकडून काही आलं नाही. आई म्हणाली, तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि फ्रिजवर ठेवलंस. "मग तोंडावर काय होतं त्याच्या?" मी विचारलं. "तोंडावर काय असणार? मिशी," म्हणाली. पुढे विचारायची सोय राहिली नाही.

आज क्लिनिकमध्ये मी एका म्हातारीवर ओरडले. ते तुला सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

राजनंदिनी नावाची साडेतीन वर्षांची मुलगी आहे. वडील, उत्तरेश्वर, चाकणला कंपनीत आहेत. धाराशिवकडचे, धानोरीत खोली घेऊन राहतात. मुलीची यंत्राची तीन महिन्यांची मुदत संपली म्हणून आज यंत्र लावून तपासणी होती. तिची आजी, इंदुबाई, तिला मांडीवर घेऊन खोलीत बसली. मी काचेच्या अलीकडे. आवाज आला की मुलीने खुंटीवर रिंग घालायची, एवढाच खेळ.

मुलगी रिंगा घालायला लागली. एक, दोन, तीन. हळू आवाजालासुद्धा. हिच्या मेंदूच्या चाचणीत तर काहीच आलं नव्हतं. मी आवाज न करताच थांबून बघितलं, तर मुलगीही थांबली, आणि आजीकडे वळून बघायला लागली. मग मला दिसलं. टेबलाच्या खाली इंदुबाईंचा अंगठा मुलीच्या मांडीवर होता.

मी माइकवरून ओरडले, "आजी, हात बाहेर काढा! ही काय परीक्षा आहे का?" बाहेर बसलेल्या लोकांनीही ऐकलं. इंदुबाई घाबरून उभ्याच राहिल्या. "म्या कुटं काय केलं बाई? पोरीला जरासा हात लावला. तीन ठिकाणी गेलो, समद्यांनी काढून दिलं. इथं बी नापास झाली तर तुमी बी काढून देत्याल."

 राजश्रीला बसवून मी जिन्यात गेले. खालच्या मजल्यावरच्या ट्यूशनची मुलं वर येत होती, त्यांनी मला भिंतीला टेकलेली पाहिली आणि बाजूने वळसा घालून गेली. दहा मिनिटांनी परत आले, इंदुबाईंची माफी मागितली, त्यांना चहा दिला आणि काचेच्या अलीकडे माझ्याजवळ बसवून तपासणी पुन्हा केली.

माझा राग त्या म्हातारीवर नव्हता.

तुला एक सांगायचंय. पण हे पत्र आईच्या पिशवीतून येतं आणि ते मी आईलाही सांगितलेलं नाही. म्हणून पुढचं पत्र पोस्टाने येईल. सही करून घे.

ताई

•

रविवार, २२ जून २०२५
(स्पीड पोस्टाने)

प्रज्ञेश,

हे पत्र तीन वेळा फाडलं. हे चौथं.

ऑक्टोबर २००३. तू चार वर्षांचा, मी अकराची, सहावीत. एका ट्रस्टच्या दवाखान्यात शिबिर होतं. यंत्र वापरणाऱ्या मुलांमधून इम्प्लांटसाठी दहा मुलं निवडणार होते. पप्पांनी ऑफिसातून रजा काढली होती. आदल्या दिवशी आईने ताटावर चमचा वाजवून तुझी तालीम घेतली. तू ताट बघून हसत होतास. आई म्हणत होती, "उद्या नीट कर हं राजा, दहाच घेणार आहेत."

दहाच घेणार, हे मी ऐकलं. मी चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये आलेली मुलगी. निवड कशी होते ते मला पक्कं माहीत होतं. ज्याला जास्त मार्क, तो वर. आपल्या घरात त्याशिवाय दुसरं काही शिकवलंच नव्हतं. पप्पा म्हणायचे, शिका आणि पहिले या, मग कुणी तुम्हाला मागे बसवणार नाही.

तपासणीला आई आत आली असती तर रडली असती, म्हणून तिला बाहेर ठेवलं. तू माझ्याशिवाय कुणाकडे बसेनास. तपासणाऱ्या बाई मला म्हणाल्या, "तू घे त्याला मांडीवर. फक्त हलायचं नाही."

तुझ्यासमोर खुंटी आणि रंगीत रिंगा. कोपऱ्यातल्या पेट्यांतून शिट्टीसारखा आवाज आला. तू माझ्या फ्रॉकचं बटण फिरवत होतास. दुसरा आवाज आला. तू बटणच फिरवत होतास. काचेपलीकडे बाईंनी काहीतरी लिहिलं. मला वाटलं, दोन मार्क गेले.

तिसऱ्या आवाजाला मी टेबलाखालून तुझ्या मांडीवर अंगठा दाबला. तू माझ्याकडे बघितलंस आणि रिंग घातलीस. बाई हसल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग तूही वाजवल्यास. त्यानंतर तू एकही चुकला नाहीस. अगदी हळू आवाजसुद्धा, जे मला श्वास रोखून ऐकावे लागत होते.

बाहेर डॉक्टर म्हणाले, "यंत्रावर उत्तम ऐकतोय. याला ऑपरेशनची काहीच गरज नाही." आई तिथल्या बाकावर बसून आनंदाने रडली. येताना पप्पांनी पेढे घेतले आणि आईने ते सगळ्या कॉलनीत वाटले. तुला नीट आठवत नसेल, मला मात्र तू पहिला आल्यासारखं वाटत होतं.

तपासणीचा तो आलेख पप्पांनी लॅमिनेट करून घेतला. पुढचं तुला माहीत आहे. तो कागद दर वर्षी शाळेतल्या नव्या बाईंना दाखवला जायचा. वहीत शेरे यायचे, "ऐकू येत असूनही लक्ष देत नाही." तू सांगायचास, हाताने, तोंडाने, रडून सांगायचास की येत नाही. घरात त्याला 'नाटक' असं नाव पडलं. तू नऊ वर्षांचा असताना आळंदी रोडवर पप्पांनी मागून हाका मारल्या आणि तू चालत राहिलास. टेम्पो तुला घासून गेला. पप्पांनी तुला तिथेच रस्त्यात मारलं. "ऐकू येतं म्हणून कागदावर लिहिलंय!" असं ओरडत होते. ते वाईट नव्हते रे. सरकारी कारकून होते, कागदावर विश्वास ठेवायचे. मी तुझं दप्तर धरून बाजूला उभी होते.

अकरा वर्षांच्या मुलीला मी माफ करू शकते. इंदुबाईंना केलं, तसं तिलाही. पण मी एकोणीस वर्षांची असताना कॉलेजात बाईंनी शिकवलं, "पालकांच्या हातांवर नजर ठेवा, ते नकळत मुलाला खूण करतात." मी वहीत ते वाक्य लिहिलं आणि माझं पेन थांबलं. त्या दिवशी मला सगळं कळलं. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास, नुकताच डेफ मुलांच्या हॉस्टेलच्या शाळेत गेला होतास, आणि सुट्टीत आलास तेव्हा तुझे हात थांबत नव्हते. मी स्वतःला म्हटलं, आता बरा आहे, आता कशाला. त्यानंतर पप्पा दहा वर्षं जगले. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्याशी काय ते बोलून घेतलं असतं. मी तेही तुम्हा दोघांकडून काढून घेतलं.

तेव्हा इम्प्लांट झालं असतं तर तुझं बरं झालं असतं की नाही, मला माहीत नाही. कदाचित तू निकिताला भेटलाच नसतास. मी माफी मागते ती दुसऱ्या गोष्टीची. तू आठ वर्षं खरं सांगत होतास आणि तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, माझ्यामुळे. आणि नंतर, माहीत असून, मी गप्प बसले.

यशूला माझ्याकडे आणू नकोस. पण कुठेतरी ने. माझ्यावरचा राग तिच्या वाटेत येऊ देऊ नकोस.

ताई

•

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रज्ञेश,

सहा आठवडे झाले. पोचपावती आली, त्यावर तुझी सही आहे. सहीकडे मी किती वेळा बघितलं ते सांगत नाही.

आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही, फक्त ती भाकरी खूप मोठी झाली. मग म्हणाली, "पेढे मी वाटले होते गं."  संध्याकाळी पप्पांच्या कपाटातून तो लॅमिनेट केलेला कागद काढला आणि आज तुझ्याकडे येताना पिशवीत ठेवला. तू त्याचं काय करशील ते तू ठरव.

राजनंदिनी नापास झाली. ऑपरेशन ठरलं. इंदुबाई पेढे घेऊन आल्या. मी एक घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला, तो तिथेच वाळला.

यशू आता अठरा महिन्यांची. मी रोज तिचे महिने मोजते, ते थांबवता येत नाही. तुझं उत्तर नाही आलं तरी चालेल. एवढंच कळव की तिला कुठेतरी नेलंस.

ताई

•

चंदननगर,
२४ ऑगस्ट २०२५

ताई,
जय भीम.

तुझी पत्रं लांब असतात. माझं लहान आहे.

यशूला कानाची यंत्रं मे महिन्यातच लावली. तारा लावून करायची ती चाचणी झाली. स्कॅन झाला, नस आहे. दुसऱ्या क्लिनिकमध्ये केलं. तुला सांगितलं नाही, कारण रागावलो होतो. तू महिने मोजत होतीस. आम्हीही मोजत होतो. आम्ही डेफ आहोत, मूर्ख नाही.

निकिता म्हणते, इम्प्लांट नको. मी म्हणतो, बघू. रोज भांडतो. आमचं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जात नाही, एवढा फायदा. एक गोष्ट दोघांची ठरली आहे. इम्प्लांट केलं तरी यशू साइन सोडणार नाही. ती आत्ताच 'दूध' आणि 'अजून' म्हणते. इम्प्लांटचं ठरवणाऱ्या तुमच्या कमिटीला हे चालणार नसेल तर आधी सांग.

आता तुझ्या चौथ्या पत्राबद्दल. सही केली तेव्हा ऑफिसला निघालो होतो. जिन्यात वाचलं. त्या दिवशी ऑफिसला गेलो नाही.

तू लिहिलंस, तुला आठवत नसेल. मला आठवतं. दवाखाना नाही, डॉक्टर नाही, पेढे नाहीत. अंगठा आठवतो. सगळे सांगत होते की आज तुला ऐकायचं आहे, ऐकायचं आहे. मग तू अंगठा दाबलास. मला वाटलं, हेच ते. ऐकणं म्हणजे हेच. आपलं माणूस मांडीवर अंगठा दाबतं, आणि मग सगळे हसतात. मी खूप खूश होतो. मला ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत गेलीस. मला परत कधी ऐकू आलं नाही. मी खूप दिवस वाट बघत होतो. मला वाटायचं, तू मुद्दाम करत नाहीस.

पप्पांबद्दल अजून लिहिता येत नाही. आईने तो कागद दिला, तो मी कपाटात ठेवला. माफ केलं असंही लिहिता येत नाही. खोटं लिहायचं नाही.

यशूच्या यंत्राचे तीन महिने संपले. यंत्र लावून तपासणी राहिली आहे. ती तुझ्याकडे करायची. राजश्रीने नाही, तू. दुसरीकडेही होईल. पण त्या खोलीत खोटं कुठून शिरतं ते त्यांना माहीत नाही. तुला माहीत आहे.

अट एक. आत तिच्याजवळ ऐकू येणारं माणूस बसायचं नाही. आई नाही, तू नाही, तुझी असिस्टंट नाही. यशूला मांडीवर घेऊन मी बसेन. आवाज कधी आला ते मलाच कळणार नाही. मी खूण करू शकत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार, सकाळी अकरा. गाडी कुठे लावायची ते कळव. तुमच्या पेठेत माणसाला जागा मिळते, स्कूटरला नाही.

प्रज्ञेश

•

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

प्रज्ञेश,

आज दोन तास तू माझ्यासमोर होतास आणि मला काही बोलता आलं नाही. मी ऑनलाइन साइन शिकायला लागले आहे, पण अजून 'पाणी' आणि 'जेवलास का' एवढ्यावरच गाडी आहे. शिवाय तू ओठ वाचशील म्हणून मी बोलायला तोंड उघडलं की रडू यायचं. म्हणून पुन्हा कागद. हा शेवटचा हट्ट समज.

अकरा वर्षांत एवढी स्वच्छ तपासणी माझ्या हातून झालेली नाही. तू यशूला मांडीवर घेतलंस आणि दोन्ही पंजे उघडून टेबलावर ठेवलेस, मला दिसतील असे. निकिता माझ्या शेजारी बसली होती. तिने तुझे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. तुम्ही दोघं हे घरून ठरवून आला होतात का, ते मी विचारलं नाही.

लहान मुलांना रिंगांचा खेळ जमत नाही. आवाजाकडे वळलं की पेटीत दिवा लागतो आणि माकड ढोलकं वाजवतं. मी अगदी हळू सुरू केलं. मग वाढवत गेले. यशू तुझ्या शर्टाचं बटण फिरवत होती. एका आवाजाला ती वळली. माझा हात कागदाकडे गेला. तू तो पाहिलास. मी हात मागे घेतला आणि तोच आवाज पुन्हा दिला, पुन्हा दिला, तिसऱ्यांदा दिला. ती बटणच फिरवत होती. आधी वळली ती काचेवर कुणाची तरी सावली हलली म्हणून. मी यंत्राच्या शेवटच्या टोकापर्यंत आवाज नेला. काच थरथरली आणि निकिताने काचेला बोट लावून ते पाहिलं. यशू नाही वळली.

तू काचेतून माझ्याकडे बघत होतास. मी मान हलवली. नाही. तुझ्या चेहऱ्याला काही झालं नाही. तू उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर फिरवलीस. हे साइन मला येत नव्हतं, तरी कळलं. लिही.

मी लिहिलं, "यंत्रासह प्रतिसाद नाही." सही केली. बावीस वर्षांपूर्वीच्या खोट्या कागदाला खरा जोड मिळाला.  

बाहेर आल्यावर तू कागद दोनदा वाचलास आणि फोनवर लिहून मला दाखवलंस, "लॅमिनेट करायचा का?" मी हसले, मग रडले, मग राजश्रीने आत येऊन दार लावून घेतलं. तुझ्यासारखा दुष्ट विनोद या पेठेत दुसऱ्या कुणाला सुचायचा नाही.

आता कामाचं. यशू पात्र आहे. पुढचं तुम्ही दोघं ठरवा, भांडून ठरवा. साइनची अट मी फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहिली आहे. कमिटीत कुणी नाक मुरडलं तर त्याच्याशी मी भांडेन. माझं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जातं. आणि तुम्ही नको म्हणालात तर मी एकदाही का म्हणून विचारणार नाही. हे लिहून देते.

निघताना निकिता बूट घालत होती, तेव्हा तू न विचारता यशूला माझ्या मांडीवर ठेवलंस. इतकी जड आहे ती, फोटोत कळत नाही. ती पडू नये म्हणून मी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, पण अंगठे मात्र मुठीत दाबून धरले होते. मला ते कळतही नव्हतं. तू पाहिलंस. खाली वाकलास, माझ्या मुठी सोडवल्यास, आणि माझा उजवा अंगठा धरून तिच्या मांडीवर ठेवलास.

तिने वर बघितलं आणि हसली.

तुझी ताई